पिंपळे सौदागरची मोजणी

पवनेच्या दक्षिण काठावरील पिंपळे सौदागर हे गाव १९१७ साली एका इंग्रजी पुस्तकाचा विषय झाले, आणि त्या पुस्तकातील मोजके आकडे पुढची कित्येक दशके भारतीय शेतीविषयीच्या वादांत साक्षीला उभे राहिले. ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ हे ते पुस्तक. त्याचे कर्ते डॉ. हॅरॉल्ड मान हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. ते शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ असून भारतात प्रथम आले ते १९०० साली, चहाच्या मळ्यांच्या शास्त्रीय कामासाठी. मातीतील नत्र आणि चुन्याचे प्रमाण तपासणाऱ्या माणसाने त्या मातीचे मालक किती, त्यांच्या वाट्याला किती गुंठे येतात आणि सावकाराचे त्यांना किती देणे आहे हे विचारत घरोघर जावे, हा प्रकार त्या काळी असाधारण होता. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हे गाव पोहोचले ते अशा परक्या कुतूहलामुळे, आणि पुण्याच्या परिसरात अशा कुतूहलाची परंपरा त्याआधी शंभर वर्षांपासून चालत आली होती.

तिचा एक आरंभ चिंचवडला सापडतो. मुंबईच्या फौजेतील अधिकारी एडवर्ड मूर १८०० साली चिंचवडला गेले आणि तेथील ‘देव’ घराण्यावर त्यांनी लिहिलेला लेख १८०१ साली ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सातव्या खंडात छापला गेला. मोरया गोसावींच्या वंशात गणपती पिढ्यान्‌पिढ्या अवतरतो ही श्रद्धा त्यांना विलक्षण वाटली. पुढे ‘हिंदू पँथिऑन’ हा दैवतांवरचा मोठा ग्रंथ त्यांनी १८१० साली प्रसिद्ध केला. १८०९ मध्ये मारिया ग्रॅहम या इंग्रज प्रवासी लेखिकेने चिंचवडचा वाडा पाहिला, आणि तिचे वर्णन मूर यांच्यापेक्षा पुष्कळच रूक्ष आहे. मूर यांनी नोंदलेल्या दंतकथांपैकी एक अशी की, औरंगजेबाने परीक्षा पाहण्यासाठी देवांकडे झाकलेल्या ताटातून मांस पाठविले, ते उघडताच तेथे फुले निघाली, आणि चकित झालेल्या बादशहाने घराण्याला आठ गावे इनाम दिली. कथेचा शेवट इनामावर व्हावा हे ध्यानात घेण्यासारखे आहे. इनाम म्हणजे सरकारला सारा न देता, किंवा नाममात्र देऊन, उपभोगायची जमीन अथवा गाव. अशा हक्काची सनद गहाळ होऊ शकते, राज्य बदलले की तिची पुन्हा चौकशी होऊ शकते, पण चमत्काराची कथा आसपासच्या सगळ्या गावांना पाठ असते. लोककथा ही पुष्कळदा जमिनीच्या हक्काची तोंडी नोंद असते, ही गोष्ट तिला केवळ श्रद्धेचा किंवा केवळ भाबडेपणाचा नमुना मानणाऱ्या दोन्ही पक्षांच्या नजरेतून निसटते.

मूर यांच्यानंतर आलेल्यांचे लक्ष देवळाकडून शिवाराकडे वळले. पेशवाई बुडाल्यानंतर लगेचच टॉमस कोट्स या शल्यवैद्याने पुण्याच्या पूर्वेकडील लोणी या गावाची पाहणी केली; घरे, अवजारे, बलुते, आहार, कपडे आणि कर्ज यांचा त्यात तपशील असून ती १८२३ साली मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. हे लोणी म्हणजे आजचे लोणीकंद, समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी सुमारे सव्वाशे वर्षांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला. कोट्स यांच्या पाठोपाठ विल्यम साइक्स हा लष्करी अधिकारी १८२४ पासून मुंबई सरकारचा सांख्यिकी प्रतिवेदक, म्हणजे आकडेवारी गोळा करून अहवाल देणारा अधिकारी, म्हणून दख्खनभर फिरला. जमीनधारणेचे प्रकार, पाऊस, पक्षी आणि कीटक हे सारे त्याने एकाच उत्साहाने टिपले, आणि चंडोलाच्या एका जातीला आजही त्याचे नाव आहे. सैनिक, वैद्य, पुढे रसायनज्ञ: आपल्या धंद्याबाहेरच्या गोष्टीत शिरणाऱ्या या मंडळींना एक फायदा निश्चित मिळत असे. कोणता प्रश्न कोणत्या शास्त्राच्या हद्दीत पडतो हे त्यांना ठाऊक नसल्यामुळे ते सगळेच प्रश्न विचारत. अर्थात ते राज्यकर्त्यांचे नोकर होते आणि माहितीचा उपयोग साऱ्यासाठी होणार होता, हेही विसरून चालत नाही.

मान यांची तयारी निराळी होती. इंग्लंडमधील यॉर्क शहरातील दारिद्र्याची सीबोम राउनट्री यांनी केलेली पाहणी त्यांच्यासमोर होती, आणि तिच्या धर्तीवर त्यांनी बेडफर्डशायरमधील रिजमाँट या खेड्याची मोजणी करून ती १९०४ साली प्रसिद्ध केली होती. म्हणजे गरिबी किती आहे हा प्रश्न पिंपळे सौदागरला विचारण्याआधी त्यांनी तो स्वतःच्या देशातील खेड्याला विचारला होता, आणि पुण्याच्या परिसरातील पूर्वीच्या पाहणीकारांपासून त्यांना वेगळे काढणारी ही महत्त्वाची गोष्ट आहे. शिवाय हे काम त्यांनी एकट्याने केले नाही. द. ल. सहस्रबुद्धे, ना. वि. कानिटकर, वि. आ. ताम्हणे आदी सहकाऱ्यांची नावे पुस्तकावर आहेत. मोडी कागद वाचणे, कुळाकडून उत्पन्नाचा खरा आकडा काढून घेणे आणि भावकीतील वाटण्यांचा गुंता उलगडणे ही कामे मराठी जाणणाऱ्या माणसांवाचून होण्यासारखी नव्हती. योगायोग असा की, महसूल खात्याचा अनुभव असलेले त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांव-गाडा’ हा ग्रंथ १९१५ सालीच, म्हणजे पिंपळे सौदागरचे काम चालू असतानाच, निघाला. आत्र्यांनी गाव आतून आणि शब्दांनी मांडले, मान यांनी बाहेरून आणि आकड्यांनी. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचले म्हणजे एकात जे कमी पडते ते दुसऱ्यात बरेचसे भरून निघते.

पाहणीचा क्रम प्रयोगशाळेतील माणसाचा वाटावा असा आहे. आधी जमिनीचा उतार, मातीचे प्रकार आणि पाणी, मग झाडोरा, मग शेतांची विभागणी, पिके आणि जनावरे, आणि सर्वांत शेवटी माणसे व त्यांचे जमाखर्च. यांतील शेतांच्या विभागणीचे प्रकरण गाजले. जुन्या कागदांच्या आधारे मान यांनी असे दाखविले की, १७७१ साली गावातील एका धारणेचे सरासरी क्षेत्र ४० एकर होते, १८१८ मध्ये ते साडेसतरा एकर झाले, १८२० ते १८४० या काळात १४ एकर राहिले आणि १९१४-१५ मध्ये अवघे ७ एकरांवर आले. धारणा म्हणजे एका खातेदाराच्या नावावरील एकूण जमीन. पाहणीच्या वेळी ८१ टक्के धारणा दहा एकरांच्या आतील आणि ६० टक्के पाच एकरांच्याही आतील होत्या. सरासरीहूनही बोलका आकडा तुकड्यांचा आहे: १५६ जमीनमालकांची जमीन सातशेहून अधिक वेगवेगळ्या तुकड्यांत पसरलेली होती आणि त्यांपैकी ४६३ तुकडे एका एकराहून लहान होते.

येथे दोन क्रिया वेगळ्या ओळखाव्या लागतात. बापाच्या पश्चात जमीन मुलांत वाटली जाऊन प्रत्येकाचा वाटा लहान होणे हे विभाजन. आणि एकाच्याच मालकीची जमीन शिवारात चार ठिकाणी विखुरलेली असणे हे अपखंडन. पहिली क्रिया कुटुंबाच्या वाढीबरोबर अटळ असते, तर दुसरी टाळता येण्यासारखी असूनही टाळली जात नाही, आणि त्याचे कारण शेतकऱ्याचा आडमुठेपणा हे नसते. नदीकाठची काळी जमीन रब्बीला ओल धरते. वरच्या अंगाची मुरमाड जमीन पावसावरच्या बाजरीला चालते. विहिरीखालचा पट्टा मोटेच्या पाण्यावर भाजीपाला देतो. तीन भावांत एकाला काळी, दुसऱ्याला मुरमाड आणि तिसऱ्याला विहिरीखालची जमीन दिली तर ती वाटणी न्यायाची कोणीही म्हणणार नाही, म्हणून प्रत्येक प्रकारच्या जमिनीचे तीन तीन भाग होतात आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लागतात. एकाच रानात पाऊस चुकला तरी दुसऱ्या रानात काही हाती लागते, हा विम्यासारखा उपयोगही त्यात असतो. किंमत मोजावी लागते ती बांधांची. तुकडे वाढले की बांध वाढतात, बांधाखाली जमीन अडकते, आणि दरसाल नांगरताना शेजाऱ्याचा बांध वीतभर कोरण्याची खोड भाऊबंदकीला कोर्टापर्यंत नेते.

कुटुंबांची वर्गवारी करताना मान यांनी १०३ कुटुंबांचा जमाखर्च तपासला. केवळ शेतीवर ज्यांचे ठीक चालत होते अशी कुटुंबे ८. बाहेरच्या मजुरीची जोड धरून ज्यांचे भागत होते अशी २८. आणि दोन्ही मिळूनही ज्यांचे भागत नव्हते अशी ६७. गावावर सुमारे १३,३०० रुपयांचे कर्ज होते आणि त्यापायी दरसाल सुमारे २,५०० रुपये द्यावे लागत. दुसऱ्या वर्गातील २८ कुटुंबांच्या पाठीशी खडकी होती. तेथील दारूगोळा कारखाना १८६९ सालापासून चालू होता, आणि चालत जाण्याच्या अंतरावरील त्या मजुरीने पिंपळे सौदागरला अर्धवट तारले होते. हा आधार नसलेले गाव कसे असते हे पाहण्यासाठी मान आणि कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक हे कोरडवाहू गाव निवडले, आणि १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या दुसऱ्या भागातले चित्र पहिल्याहून वाईट निघाले.

कर्जाचा विषय या मुलखाला नवा नव्हता. इंद्रायणीकाठी देहूच्या तुकोबांचे घराणे महाजनकी करणारे, म्हणजे दुकानदारी आणि देवघेव करणारे होते. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळानंतर तुकोबांनी धाकट्या भावाशी, कान्होबांशी, घरातील कर्जखते वाटून घेतली आणि स्वतःच्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवून टाकली, अशी परंपरागत कथा आहे. अभंगांच्या वह्या पाण्यात बुडूनही तरल्याची कथा सर्वतोमुखी झाली. खते पाण्यात गेली आणि ती कोणी वर काढली नाहीत, ही कथा त्या मानाने मागे पडली. जिचा विसर पडला तीच गावकऱ्यांच्या संसाराला अधिक जवळची होती. मे १८७५ मध्ये सुप्यात आणि मग भीमथडी, शिरूर, इंदापूर भागांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन मुख्यतः खतेच हिसकावून जाळली. त्या उठावानंतर सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या अहवालातून १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. मान यांच्या वहीत १३,३०० रुपयांचा आकडा उमटला तेव्हा त्या कायद्याला पस्तीस वर्षे झालेली होती.

४० एकरांवरून ७ एकरांवर झालेली घसरण ही मात्र सावधपणे वाचायला हवी. पेशवाईतील कागदांवर खाते बहुधा कुटुंबप्रमुखाच्या नावे असे आणि त्याच्या पोटी कसणारे भाऊ, पुतणे नोंदीत दिसत नसत. ब्रिटिश भूमापनानंतर पोटहिस्से स्वतंत्र लिहिले जाऊ लागले. त्यामुळे घसरणीचा काही भाग जमिनीतला आणि काही भाग कागदातला आहे. दुसरे असे की, लष्करी छावणीला लागून असलेले, नदीकाठचे एक गाव सगळ्या देशाचा नमुना ठरू शकत नाही, आणि मान यांच्या अभ्यासाचे नावच ‘एका दख्खनी खेड्यातील’ असे आहे. पुढच्या वाचकांनी ही मर्यादा फारशी पाळली नाही. रजनी पाम दत्त यांनी १९४० च्या ‘इंडिया टुडे’ मध्ये हे आकडे वसाहतवादाच्या आरोपपत्रात घातले, आणि अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी ते गावाच्या नावासकट, पण गावाच्या परिस्थितीवाचून, वर्षानुवर्षे छापले. आरोप खोटा होता असे नव्हे. एवढे ओझे वाहण्याची एका गावाची ताकद नव्हती, इतकेच.

या वादात सर्वांत मूलगामी प्रश्न १९१८ साली विचारला गेला. मुंबई इलाख्याचे कृषिसंचालक जी. कीटिंग यांनी ‘किफायतशीर धारणा’ ही कल्पना रूढ केली होती: खर्च वजा जाता कुटुंबाला बऱ्यापैकी पोसेल एवढी जमीन. दख्खनसाठी त्यांचा अंदाज विहीर असलेल्या चांगल्या ४० ते ५० एकरांचा, तर मान यांचा सुमारे २० एकरांचा होता. डॉ. भीमराव आंबेडकर यांनी ‘स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया अँड देअर रेमेडीज’ या निबंधात या व्याख्येच्या मुळावरच बोट ठेवले. कुटुंबाला किती लागते हे उपभोगाचे माप आहे, धारणा किफायतशीर आहे की नाही हे उत्पादनाच्या मापाने, म्हणजे जमीन, श्रम आणि भांडवल यांच्या परस्पर प्रमाणाने ठरते, असे त्यांनी मांडले. भांडवल भरपूर असेल तर लहान शेतही किफायतशीर होते आणि ते नसेल तर मोठे शेतही ओझे होते. तुकडे जोडल्याने शेतीवर बसलेली जादा माणसे नाहीशी होत नाहीत. त्यांना काम देणारे उद्योग उभे राहिले तरच शेतीवरील भार हलका होईल, असे त्यांचे उत्तर होते. मान यांच्या तक्त्यातील खडकीच्या मजुरीवर जगणारी २८ कुटुंबे या तर्काच्या बाजूने बोलतात.

सरकारने मात्र कायद्याचा मार्ग धरला. १९२७ चे लहान धारणांविषयीचे विधेयक तीव्र विरोधामुळे सोडून द्यावे लागले आणि १९४७ मध्ये मुंबईचा तुकडेबंदी व तुकडेजोड कायदा झाला. त्याने ‘प्रमाणभूत क्षेत्र’ ठरविले, म्हणजे ज्याखाली जमिनीचा तुकडा स्वतंत्रपणे विकता येणार नाही अशी किमान मर्यादा, आणि एकत्रीकरणाची योजना जेथे राबली तेथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. चाकणजवळील कुरुळी, निघोजे, महाळुंगे येथील कारखान्यांचे पत्ते ‘गट नंबर’ने सुरू होतात आणि पिंपळे सौदागरमधील गृहसंकुलांचे ‘सर्व्हे नंबर’ने, ती याचीच खूण आहे. ज्या गावाने तुकड्यांचा प्रश्न देशापुढे आणला, त्याच्या पत्त्यावर तुकडेजोडीची खूण उमटली नाही.

पुढचे परिवर्तन कायद्यापेक्षा उद्योगांनी घडविले. पवनेच्या पलीकडे पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि तेथे पेनिसिलीन बनू लागले. १९६० च्या दशकात आकुर्डीला बजाज ऑटो आणि पिंपरीला टेल्को आली, ऑगस्ट १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. याच उंबरठ्यावर, १९६० साली, भारतीय कृषी अर्थशास्त्र संस्थेने पी. डी. डिस्कळकर यांनी केलेली पिंपळे सौदागरची फेरपाहणी प्रसिद्ध केली. म्हणजे हे गाव शेतीचे गाव म्हणून दोनदा मोजले गेले, एकदा पहिल्या महायुद्धाच्या वेळी आणि एकदा शेतीचे दिवस सरत आले असताना. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महानगरपालिका. प्राधिकरणासाठी घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मूळ मालकांना विकसित जमिनीचा साडेबारा टक्के परतावा मिळावा, ही मागणी पुढची अनेक वर्षे या भागाच्या राजकारणाचा कायमचा विषय होऊन बसली. चाकणला हाच क्रम उशिरा आणि अधिक वेगाने घडला: कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाच्या शिवारात फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला.

एकराचा चाळिसावा भाग म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फूट. मान यांच्या तक्त्यात गुंठ्यांत मोजावी लागणारी जमीन ही दुर्दशेची निशाणी होती, कारण दहा गुंठ्यांवर बैलाचे खाणेही निघत नाही. हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्यानंतर त्याच दहा गुंठ्यांची किंमत पूर्वीच्या सबंध शिवाराने कधी पाहिली नव्हती एवढी झाली आणि जमीन विकून गळ्यात सोन्याच्या साखळ्या घालणाऱ्यांसाठी ‘गुंठामंत्री’ हा शब्द बोलीत आला. त्यात थट्टा आहे, थोडा हेवा आहे, आणि थोडा अन्यायही आहे, कारण साखळी दिसते, पण पैसे संपल्यावर रखवालदाराची नोकरी करणारा भाऊ त्या शब्दात दिसत नाही. बिनपरवाना पाडलेले गुंठ्यांचे भूखंड नियमित करण्यासाठी राज्याला २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा करावा लागला. म्हणजे तुकडा होऊ नये यासाठी एक कायदा आणि झालेला तुकडा मान्य करण्यासाठी दुसरा, असे दोन्ही कायदे एकाच राज्यात एकाच वेळी नांदत राहिले.

मान यांच्या मोजणीत वारस म्हणून दिसतात ते मुख्यतः मुलगे, कारण हिंदू एकत्र कुटुंबाच्या वाटणीत मुलीला वाटा नव्हता आणि ती सासरी गेली की गावाच्या कागदातूनही जात असे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायदा बदलून मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा दिला. नेमक्या त्याच वर्षांत या पट्ट्यात जमिनीला सोन्याचे मोल आले, त्यामुळे सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीचा मालक आणि पीक दाखविणाऱ्या गावनमुन्यावर, आत्या, बहिणी आणि त्यांची मुले यांची नावे लागू लागली आणि एकेका लहान तुकड्याला वीस वीस, तीस तीस वारस दिसू लागले. जमीन घेणारा विकासक या सर्वांच्या सह्या मागतो. मग गावोगावच्या दुय्यम निबंधक कार्यालयांत हक्कसोडपत्रे होतात. त्या दस्ताने बहीण आपला हिस्सा भावाच्या लाभात सोडते, कधी रकमेच्या बदल्यात, पण पुष्कळदा माहेर तुटू नये म्हणून, काहीच न घेता.